बांधण्याआधी विचारा : वस्तूला भीती कशाची?
(पावसाळ्यापूर्वीच्या पाठवणीसाठी अभ्यासपाठ)



मे महिना लागला की अनेक मंडळ्यांतून डोंगरभागातील वसतिगृहांसाठी आणि आश्रमशाळांसाठी सामानाची जमवाजमव सुरू होते. कुणी तांदूळ-डाळ देते, कुणी चादरी व ब्लँकेटे, कुणी वह्या-पुस्तके, कुणी स्टीलची ताटे. देणाऱ्याचे मन मोठे असते. पण सामान बांधायची वेळ येते तेव्हा बहुतेक ठिकाणी किराणा दुकानातून आणलेले रिकामे खोके, घरातली जुनी पोती आणि हाताला लागेल ती सुतळी यांवरच काम भागवले जाते.

हे सामान पुढे कसे जाते, याचा एकदा विचार करू. शहरातून ट्रान्सपोर्टच्या गोदामात, तिथून ट्रकमध्ये, तालुक्याच्या गावी उतरून टेम्पोत किंवा जीपच्या टपावर, आणि शेवटी पुष्कळदा कुणाच्या तरी डोक्यावर. म्हणजे एकच खोके चार-पाच वेळा उचलले, टाकले, रचले जाते. पोहोचल्यावर ते लगेच उघडले जाईल असेही नाही. अक्कलकुवा-धडगाव, मेळघाट, जव्हार-मोखाडा या भागांत जूनपासून पावसाची झड लागते. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांची वाट अडते, हे लोकांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. त्यामुळे जूनच्या आत पोहोचलेला साठाच पुढचे तीन-चार महिने पुरवायचा असतो. अशा वेळी पोते उघडले आणि तांदळाला बुरशीचा वास आला, तर नुसती देणगी वाया जात नाही. तो तांदूळ फेकावा की निवडून मुलांना घालावा, हा कठीण निर्णय स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर येऊन पडतो.

म्हणून या पाठात आपण सामान बांधण्याचे साहित्य कसे निवडावे, ते शिकू.

१. पहिला प्रश्न वस्तूविषयी

“चांगले पॅकिंग कोणते?” या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी विचारावे, या वस्तूला भीती कशाची? वाटेत आणि साठवणीत वस्तूचे पाच शत्रू असतात : ओल, दाब, हादरा, कीड-उंदीर आणि ऊन. तांदळाला ओल आणि किडीची भीती, पण हादऱ्याची नाही. काचेच्या बाटलीला हादऱ्याची भीती, ओलीची नाही. पुस्तकाला ओलीची आणि दुमडण्याची भीती. औषधाला उन्हाची आणि ओलीची. एका वस्तूला वाचवणारे साहित्य दुसरीला मारक ठरू शकते.

यिर्मयाच्या पुस्तकातील बत्तिसाव्या अध्यायात शेत विकत घेतल्याची हकिकत आपण वाचली असेल. खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून ते मातीच्या पात्रात ठेवण्यास यिर्मयाने बारूखला सांगितले. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या काही अशाच मातीच्या रांजणांत, तागाच्या कापडात गुंडाळलेल्या होत्या. जवळजवळ दोन हजार वर्षे त्या टिकल्या. आत मऊ कापड आणि बाहेर कठीण भांडे, ही दुपदरी रीत आजही तितकीच उपयोगी आहे. पण तिथली हवा अतिशय कोरडी, हेही विसरू नये. तोच रांजण जव्हारच्या पावसात चार महिने ठेवला, तर आतला कागद मऊ पडेल. पात्र निवडताना वस्तूइतकाच प्रदेश पाहावा लागतो.

२. ओल बाहेरची आणि आतली

प्लॅस्टिकची पिशवी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तीच पिशवी आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. अर्धवट वाळलेले धान्य किंवा किंचित दमट ब्लँकेट जाड प्लॅस्टिकमध्ये बांधले, की दिवसाच्या उष्णतेने आतल्या ओलीची वाफ होते आणि रात्रीच्या गारव्यात तेच पाणी पिशवीच्या आतल्या अंगाला थेंबांच्या रूपाने जमते. बुरशीला याहून सोयीची जागा नाही. म्हणून पहिला नियम असा : जे पूर्ण कोरडे आहे तेच हवाबंद करावे. ज्याच्या कोरडेपणाची खात्री नाही ते आधी वाळवावे.

धान्य कोरडे आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. झाकणाची स्वच्छ, कोरडी काचेची बरणी घ्यावी. पाव भाग धान्य भरावे. तव्यावर परतून पूर्ण कोरडे केलेले आणि गार झालेले मीठ चमचा-दोन चमचे त्यात घालावे. झाकण लावून काही मिनिटे बरणी हलवावी आणि पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटून राहिले तर धान्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे, असे समजावे. ते साठवणीला योग्य नाही. मीठ न चिकटता खाली बसले तर ओल त्याहून कमी आहे. पण चार महिने ठेवायच्या धान्यातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास असावी, म्हणून चाचणीत उतरलेल्या धान्यालाही एक-दोन चांगली उन्हे द्यावीत. शेंगदाण्यासारख्या तेलबियांना तर त्याहूनही कमी ओल लागते. उन्हातून काढलेले धान्य किंवा कपडे गरम असताना भरू नयेत. सावलीत पूर्ण गार होऊ द्यावेत.

हा बारकावा अनावश्यक वाटत असेल त्यांनी १९७४ सालची घटना लक्षात घ्यावी. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत, मुख्यतः आदिवासी वस्तीच्या गावांत, अवेळी पावसाने भिजलेला मका बुरशी धरून बसला. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून लोकांनी तोच खाल्ला. जवळजवळ चारशे लोक काविळीसारख्या आजाराने आजारी पडले आणि शंभरावर दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासकांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा कारण निघाले अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेले विष. हे विष यकृतावर घाला घालते आणि नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. वरची हिरवट बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात राहू शकते. मका आणि शेंगदाणे यांना हा धोका विशेष. म्हणून बुरशी लागलेले धान्य “धुऊन-निवडून चालेल” असे म्हणू नये. ते तसे होणारच नाही, याची काळजी बांधताना घ्यावी.

३. धान्यासाठी काय वापरावे?

गोणपाट : तागाचे पोते श्वास घेते. त्यातून हवा खेळते, पोती एकावर एक रचली तरी घसरत नाहीत आणि पोते पुन्हा वापरता येते. पण ते पावसाचे पाणी शोषते आणि किडीला अडवत नाही. कोरड्या दिवसांत थोड्या काळासाठी ते उत्तम.

विणलेल्या प्लॅस्टिकची गोणी : स्वस्त, हलकी आणि मजबूत. मात्र उन्हात पडून राहिली की तिचे धागे तुटू लागतात आणि रचताना ती घसरते. विणीतून पाणी आत शिरू शकते, म्हणून पावसाळी प्रवासासाठी आत जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालावे आणि त्याचे तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधावे. अर्थात धान्य आधी कोरडे हवे.

हवाबंद तिपदरी पिशवी : आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेली गोणी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरून देशातल्या चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही रीत बसवली. आत राहिलेले किडे श्वासाबरोबर पिशवीतला प्राणवायू संपवतात, मग त्यांचे खाणे थांबते आणि ते मरतात. औषध घालावे लागत नाही. मुलांच्या अन्नासाठी ही मोठीच सोय. पण पिशवीला एक भोक पडले की उपयोग गेला, म्हणून उंदरांपासून जपावे लागते. रोज उघडायच्या धान्यासाठी ती नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत न उघडायच्या साठ्यासाठी ती वापरावी.

पत्र्याची कोठी किंवा डबे : उंदीर आणि कीड दोन्हींपासून बचाव. खर्च एकदाच, उपयोग पुष्कळ वर्षे.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांच्यासाठी आपण धान्य पाठवतो त्यांना साठवण येत नाही, असे मुळीच नाही. बांबूच्या कामट्यांची कणगी, तिला शेणामातीचा लेप, खाली दगडांचा आधार, धान्यात राख किंवा कडुनिंबाचा पाला, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथल्या हवेला काय मानवते, हे तिथल्या माणसांना विचारून मगच पिशव्या घ्याव्यात.

खत किंवा कीटकनाशक आलेली पोती कितीही धुतली तरी धान्यासाठी वापरू नयेत. तयार खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत. त्याची शाई अन्नाला लागते, म्हणून २०१८च्या अन्न-पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे.

४. पुठ्ठ्याचे खोके

पुठ्ठ्याचा खोका बाहेरून सारखाच दिसतो, पण त्याची कड पाहिली की फरक कळतो. दोन सपाट कागदांत एक नागमोडी कागद असेल तर तो तीन पदरी म्हणजे थ्री प्लाय. तीन सपाट आणि दोन नागमोडी असतील तर पाच पदरी, फाइव्ह प्लाय. कपड्यांना तीन पदरी पुरतो. पुस्तके, ताटे, बाटल्या यांना पाच पदरी घ्यावा. नागमोडी नळ्या खोक्याच्या भिंतीत उभ्या असाव्यात. आडव्या असतील तर खोका वरच्या भाराने लवकर बसतो.

खोक्यावरचा बराचसा भार त्याचे चार उभे कोपरे पेलतात. म्हणून कोपरे दबलेला जुना खोका दिसायला धड असला तरी कमकुवत झालेला असतो. रचतानाही कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ रचावे. विटांसारखे सांधे मोडून रचले की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मधल्या भागावर येतो आणि खालचा बसतो.

पुठ्ठा म्हणजे कागदच. खूप दमट हवेत त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. त्यामुळे पावसाळी साठवणीसाठी खोक्यावर अवलंबून राहू नये. वाटेपुरता खोका आणि पोहोचल्यावर ट्रंक, डबा किंवा कपाट, अशी विभागणी करावी. एक खोका एका माणसाला उचलता येईल एवढाच, साधारण १५ किलोच्या आत ठेवावा. खाली आणि वर मधल्या सांध्यावर, तसेच दोन्ही कडांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे इंग्रजी एच अक्षराचा आकार होतो. नुसत्या सुतळीने खोका बंद होत नाही आणि घट्ट ओढली तर ती पुठ्ठ्यात रुतते.

५. मधली पोकळी कशाने भरावी?

खोक्यात रिकामी जागा राहिली की वस्तू आपटतात आणि वरून दाब आला की खोका चेपतो. ती जागा भरायला पुढील साहित्य मिळते.

चुरगाळलेले वर्तमानपत्र : स्वस्त आणि चांगले. पण भाराखाली हळूहळू दबते, ओल धरते आणि त्याची शाई पांढऱ्या कपड्यांना लागते.

बबल रॅप : हवेच्या फुग्यांचे प्लॅस्टिक. १९५७ साली अमेरिकेत भिंतीला लावायचा नक्षीदार कागद म्हणून ते बनवले गेले. तो बेत फसला, पण आघात झेलण्यासाठी ते जगभर चालले. काचेसाठी फुगे आतल्या बाजूला ठेवून दोन वेढे द्यावेत.

थर्मोकोल : हलके आणि आघात चांगले झेलणारे, पण त्याचे दाणे सुटतात आणि वाऱ्याने रानभर होतात.

पेंढा : पूर्ण कोरडा असेल तर भांड्यांना चालतो. धान्याच्या जवळ मात्र नको, कारण त्यातून कीड जाते.

या सर्वांहून चांगली भरण म्हणजे जी स्वतःच उपयोगी वस्तू आहे. ताटांच्या मधे टॉवेल घालावेत. बाटल्यांना मोजे आणि स्वेटर गुंडाळावेत. कंदिलाची काच ब्लँकेटच्या घडीत ठेवावी. त्यामुळे खर्च वाचतो, खोक्यांची संख्या घटते आणि उघडल्यावर कचरा उरत नाही. डोंगरातल्या पाड्यावर कचरागाडी येत नाही. आपण पाठवलेले प्लॅस्टिक आणि थर्मोकोल तिथेच जाळले जाते, ओढ्यात जाते किंवा गुरांच्या पोटात जाते. एखाद्या वस्तूला प्लॅस्टिक हवेच असेल तर जाड आणि पुन्हा वापरता येईल असे द्यावे.

६. कपडे, पुस्तके, औषधे

कपडे व ब्लँकेटे धुऊन, कडक उन्हात वाळवून, गार करून, आधी सुती चादरीत आणि मग प्लॅस्टिकमध्ये बांधावीत. पुस्तके आडवी, सारख्या आकाराची एकत्र ठेवावीत आणि ती लहान खोक्यात भरावीत. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फक्त झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात उपयोगी पडतात. गोणपाटात टाकल्या तर त्या बाहेरच्या हवेची ओल शोषून लगेच भरून जातात. त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

औषधे तिथल्या डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने मागितली असतील तीच पाठवावीत. घरात उरलेल्या गोळ्या पाठवू नयेत. औषधदानाविषयी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे की, पोहोचताना मुदत संपायला किमान एक वर्ष बाकी असावे. पट्ट्या कापू नयेत, म्हणजे नाव आणि तारीख शाबूत राहते. पातळ औषधांच्या बाटल्या प्रत्येकी वेगळ्या पिशवीत, मधे पुठ्ठ्याचे कप्पे करून, उभ्या ठेवाव्यात. औषधांचा खोका जीपच्या टपावर कधीही ठेवू नये. तो आत, सावलीत न्यावा.

७. तिकडून येणारा माल

वाट दोन्ही बाजूंनी चालते. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रे, बांबूच्या टोपल्या, मध असा माल मंडळीच्या विक्रीसाठी येतो, तेव्हा त्याच्या बांधणीवर कुणाच्या तरी घरचे उत्पन्न अवलंबून असते. कापडावरील चित्राची घडी घालू नये, घडीवर रंग तडकतो. ते जाड नळीवर, चित्राची बाजू बाहेर ठेवून, मधे स्वच्छ पातळ कागद घालून गुंडाळावे आणि मग वरून प्लॅस्टिक लावावे. बबल रॅप थेट चित्राला लावल्यास फुग्यांचे ठसे उमटू शकतात. बांबूच्या वस्तू पूर्ण वाळलेल्या नसतील तर प्लॅस्टिकमध्ये काळ्या पडतात. त्या कागदात किंवा गोणपाटात बांधाव्यात. ही माहिती आणि थोडे साहित्य आपण कारागिरांना आधीच पाठवावे, म्हणजे माल खराब झाला म्हणून त्यांचे पैसे कापले जाणार नाहीत.

८. पोहोचल्यावर

पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर राखून रचावीत, म्हणजे मागे हवा खेळते आणि उंदराची वाट दिसते. जुना साठा आधी काढावा. प्रत्येक डागाच्या आत सामानाची यादी ठेवावी. बाहेर मराठीत मोठ्या अक्षरांत पत्ता, डागाचा क्रमांक आणि “पावसाआधी उघडा” किंवा “काच आहे” अशी खूण लिहावी. शाई पाण्याने पसरते, म्हणून कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. शक्य असेल तर खोक्यांऐवजी पत्र्याच्या ट्रंका द्याव्यात. पावसाळाभर त्या कोठीच्या खोलीत कपाटाचे काम करतात आणि दिवाळीनंतर टोपल्या व चित्रे घेऊन परत येतात.

गटचर्चेसाठी प्रश्न

(महिला मंडळ, तरुण संघ किंवा घरगुती सभेत घ्यावेत.)

१. या वर्षी आपण पाठवणार असलेल्या प्रत्येक वस्तूपुढे तिला भीती कशाची आहे, ते लिहा. कोणत्या दोन वस्तू एका खोक्यात जाऊ नयेत?

२. मिठाची चाचणी सर्वांसमोर करून पाहा. धान्य दमट निघाले तर ते कोण, कुठे आणि किती दिवस वाळवील?

३. आपल्या सामानातील कोणत्या वस्तू दुसऱ्यांसाठी भरण म्हणून वापरता येतील?

४. वसतिगृहाच्या गृहपालांना बांधणीआधी फोन करून विचारा : कोठीची खोली गळते का? उंदीर आहेत का? आमचे मागच्या वर्षीचे सामान कोणत्या स्थितीत पोहोचले? मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात सामान बांधायला बसाल तेव्हा तीच वही आधी उघडा.